मोटारीचे दार आणि त्याचे कुलूप
(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मोटारीचे कुलूप हा विषय पालक मेळाव्यात कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्यातून बोलणारा बी. ए., बी. एड.; म्हणजे विज्ञानाचा पदवीधरही नव्हे. परंतु जून २०२३ मध्ये नागपूरच्या फारुख नगरातील तीन लहान मुले खेळता खेळता दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात दोन भावंडांच्या बाबतीत तसेच घडले. आपल्या देवळालीतही राहुरी फॅक्टरीच्या हमरस्त्यालगत, गॅरेजांसमोर आणि घरांच्या आडोशाला जुन्या-नव्या गाड्या दिवसचे दिवस उभ्या असतात, आणि मुले त्यांच्या अवतीभोवती लपाछपी खेळत असतात. तेव्हा हे दार बंद कसे होते आणि उघडते कसे, हे आपणा सर्वांना माहीत असले पाहिजे.

प्रथम दार लागते कसे ते पाहू. गाडीच्या सांगाड्याला, दाराच्या चौकटीत, एक जाड लोखंडी कडे घट्ट बसवलेले असते. याला आपल्या घरच्या दाराचा कोयंडा समजा. दाराच्या कडेत एक फिरता पंजा असतो. दार आपटले की पंजा फिरून त्या कड्याला मिठी मारतो, आणि त्याच्यामागे एक छोटी खिटी पडून त्याला उलटे फिरू देत नाही. पंजाला खाचा दोन असतात. खिटी पहिल्याच खाचेत अडकली तर आपण म्हणतो, दार अर्धवट लागले. मूठ ओढली म्हणजे आतली दांडी किंवा तार खिटी उचलते, स्प्रिंगच्या जोराने पंजा मागे फिरतो आणि दार सुटते.

मग कुलूप काय करते? पुष्कळांची समजूत अशी की कुलूप दार धरून ठेवते. तसे नाही. दार पंजानेच धरलेले असते. कुलूप फक्त मूठ आणि खिटी यांचा संबंध तोडते. सायकलची चेन उतरली म्हणजे पायडल नुसतेच फिरते, तसा हा प्रकार.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक दाराला मुठी दोन, एक बाहेरची व एक आतली. पुढच्या दाराची आतली मूठ ओढली की बहुतेक गाड्यांत कुलूप असतानाही दार उघडते. काहींत मूठ दोनदा ओढावी लागते, काहींत आधी खटका उचलावा लागतो. मागच्या दारांचे मात्र निराळे आहे. दार उघडून त्याची कड पाहा. तेथे एक बारीकसा खटका असतो. त्याला चाइल्ड लॉक म्हणतात. तो लावला की फक्त आतली मूठ निकामी होते. बाहेरून दार सहज उघडते, आतून कितीही ओढा, उघडत नाही. धावत्या गाडीतून मूल पडू नये म्हणून केलेली ही सोय उत्तमच आहे. पण उन्हात उभ्या गाडीत मूल मागच्या दाराने शिरले आणि दार लागले, तर तोच खटका पिंजरा होतो. जुन्या गाडीत आतली दांडी तुटली असेल तरी परिणाम तोच. “बाहेरून उघडते ना, मग चालते,” असे म्हणून मालक ती वर्षानुवर्षे दुरुस्त करीत नाहीत. माझ्या मते यासारखी बेपर्वाई नाही.

बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली तर आतील तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंश सेल्सिअसने वाढू शकते, आणि त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचा बोटभर उघड्या ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते.

आता किल्लीकडे वळू. १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे करावयास सुरुवात केली. त्या परंपरेतील कुलूप असो वा मोटारीचे, आतल्या पट्ट्या किल्लीच्या दात्यांनी नेमक्या उंचीवर आणल्या तरच ते फिरते. म्हणजे किल्लीचा आकार हीच तिची खूण. आकाराऐवजी गुप्त आकडा ही खूण करावी, ही कल्पनाही जुनीच. अल्-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात चार तबकड्यांचे, अक्षरे जुळवून उघडणारे कुलूप वर्णिलेले आहे.

बटण दाबून उघडणाऱ्या गाडीत हेच रेडिओलहरींनी होते. १९८२ साली फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने फ्युएगो गाडीत दूरनियंत्रित कुलूप दिले. त्यात अवरक्त किरण वापरले होते. पुढे रेडिओ आला. किल्ली दर वेळी नवा सांकेतिक आकडा पाठवते आणि गाडीला पुढचा आकडा कोणता ते ठाऊक असते. त्यामुळे चोराने कालचा आकडा टिपून ठेवला तरी आज तो बाद झालेला असतो. आकडा जुळला की दारातील छोटी मोटर कुलपाचा खटका सरकवते.

खिशातली किल्ली न काढता उघडणाऱ्या गाडीत गाडीच पहिली हाक देते. ही हाक एक-दोन मीटरच पोहोचते. किल्लीने ती ऐकली की ओ येते आणि दार उघडते. चोरांनी येथेच फट शोधली. एक जण घराच्या भिंतीशी उपकरण घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीशी. दोघे मिळून हाक आणि ओ लांबवर पोहोचवतात. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवले. घरी उपाय साधा आहे: किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. डबा हातात धरून गाडीशी जावे. दार उघडले नाही म्हणजे डबा चांगला. किल्लीतील सेल संपला तर घाबरू नये. बहुतेक अशा किल्ल्यांच्या पोटात पोलादी पाते दडलेले असते, आणि मुठीपाशी त्याचे भोक असते. ते कोठे आहे हे आजच पाहून ठेवावे.

विद्यार्थी मित्रहो, उभ्या गाडीत खेळायला शिरू नका. धाकटा भाऊ किंवा बहीण अडकली तर काय करायचे, तेही त्यांना शिकवा. मागे ओढत बसायचे नाही. सीटवरून पुढे यायचे, पुढच्या दाराची मूठ ओढायची, आणि उघडले नाही तर हॉर्न दाबून ठेवायचा. पुष्कळ गाड्यांत तो किल्लीशिवाय वाजतो. पालकांनी हे तोंडी न सांगता गाडीत बसवून, स्वतः शेजारी राहून करून घ्यावे. मूल दिसेनासे झाले तर विहिरीइतक्याच तातडीने जवळच्या प्रत्येक गाडीत व डिकीत पाहावे. कोणी आत अडकलेले दिसले तर प्रथम चारही दारे बाहेरून ओढावीत, ११२ ला फोन करावा, आणि दार उघडत नसेल तर मालकाची वाट न पाहता मुलापासून लांबची बाजूची काच फोडावी. घाव मधोमध न घालता कोपऱ्यावर, टोकदार वस्तूने घालावा. समोरच्या काचेच्या वाटेला जाऊ नये. ती दोन थरांची असते, तडकते पण सुटत नाही.