कळकलेली तार

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी थांबते, तेव्हा नाखवा आपल्या बोटीची डागडुजी करून घेतो. फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, तळाला रंग चढतो, इंजिन खोलून साफ होते. फळ्यांमागून गेलेल्या विजेच्या तारांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पुढे हंगाम सुरू होतो, आणि एखाद्या रात्री भर समुद्रात तळातले पाणी उपसणारा पंप मंदावतो; तो चालू होताच डोलकाठीवरचा दिवाही मिणमिणू लागतो. तांडेल दिवा बदलतो, पंप बदलतो, अखेर नवी बॅटरी आणतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच! अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार होय.

तांब्याच्या जातीचे आंबट-खारटाशी असलेले वैर आपल्या गृहिणींना चांगले ठाऊक आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवलेले ताक कळकते. बोटीवरच्या तारेचेही तसेच होते. तार बारीक तांब्याच्या तंतूंची असते; दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे खारे पाणी त्या तंतूंमधून वेष्टनाच्या आत चढत जाते. टोकाशी हिरवी पूड जमते, आत तांबे काळे पडते. बाहेरून मात्र तार धडधाकट दिसते.

येथेच मापकयंत्र पुष्कळांना चकविते. पंप सोडवून त्याच्या तारांना यंत्र लावले, तर काटा पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो आणि तार निर्दोष ठरते. वस्तुतः त्या वेळी तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसतो. गेओर्ग ओम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या नियमानुसार, मार्गात जितका अडथळा आणि जितका प्रवाह, तितका दाब खर्ची पडतो. प्रवाहच नसेल तर अडथळा उघडा पडणार कसा? रिकाम्या हमालाकडे पाहून त्याच्या बळाची परीक्षा होत नाही. ओझे डोक्यावर द्यावे लागते.

म्हणून जाणता कारागीर पंप चालू ठेवूनच मोजतो. समजा, बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट आहेत आणि पंपापाशी ९.४ उरतात. वाटेत ३ व्होल्ट हरवले. यंत्राची एक सुई बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी पंपाच्या धन टोकाला टेकविली, तर काटा ०.३ दाखवितो, ऋण बाजूस तसेच केले, तर २.७. चोर परतीच्या वाटेवर आहे! दिवा आणि पंप एकदम मंदावतात, त्यावरून तो दोघांच्या सामाईक जोडावर असावा, हेही उघड होते. मग एक सुई स्थिर ठेवून दुसरी जोडाजोडाने पुढे नेली, की ज्या सांध्यावर काटा एकाएकी उडी घेतो, तोच दोषी.

पंप १० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्या सांध्यात २७ वॅट उष्णता निर्माण होते. फ्यूज वितळत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो, उलट घटलेला असतो. तेलकट लाकडाच्या शेजारी तो सांधा निमूटपणे तापत राहतो. बोटीवरच्या आगीचे एक बीज येथे आहे.

नुसते घासून भागत नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत तार कापावी, आणि तसे तांबे लागलेच नाही तर संपूर्ण तार बदलावी. नवी तार कल्हई केलेल्या तंतूंची असावी. सांधा घट्ट दाबून, वर जलरोधक नळी चढवून, तळातल्या पाण्यापासून उंच बांधावा. महत्त्वाच्या दिव्यांच्या मार्गात ३ टक्क्यांहून अधिक, म्हणजे १२ व्होल्टांत सुमारे ०.३६ व्होल्टांहून अधिक, घट असू नये.

अंधाऱ्या समुद्रावर समोरच्या बोटीला आपली ओळख पटते ती डावीकडच्या तांबड्या आणि उजवीकडच्या हिरव्या दिव्यावरून. तो दिवा मिणमिणू लागला, तर दिव्याला दोष देण्यापूर्वी तांडेलाने तारेची विचारपूस करावी. आणि तीही काम चालू असताना.