दिवा लाल हवा, मंद हवा



आकाशदर्शनाला निघालात,
तर एवढं लक्षात ठेवा.
दिवा लाल हवा, आणि मंद हवा.

अंधाराला डोळे सरावायला साधारण अर्धा तास लागतो.
तेवढ्या वेळात डोळ्यांतल्या दंडाकार पेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य साठतं.
मग देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपकाही
नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

पण मोबाइलचा पांढरा झोत डोळ्यांवर पडला,
की ही सगळी तयारी वाया जाते.
पुन्हा वाट पाहणं आलं.

लाल उजेड या पेशींना फारसा जाणवत नाही.
म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा,
वर रबरबँड चढवा.
तारानकाशा वाचता येईल, एवढाच उजेड पुरे.
प्रखर लाल उजेडही नको.

तेव्हा मंडळी,
दिवा लाल, आणि मंद!