बोलता येणे आणि शिकता येणे

परक्या भाषेच्या शाळेत आलेले मूल वर्ष-दोन वर्षांत मैदानावर सफाईने बोलू लागते, आणि तिथेच मोठ्यांची फसगत होते. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली रोजच्या व्यवहाराची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक करायला सांगितले. स्थलांतरित कुटुंबांतल्या चारशेहून अधिक मुलांचे मानसशास्त्रीय अहवाल त्यांनी तपासले. मूल इंग्रजी छान बोलते, म्हणजे भाषेची अडचण नाही. तरी गुण कमी, म्हणजे बुद्धीच कमी, असा निष्कर्ष त्यांत पुन्हा पुन्हा काढलेला होता. टोरांटोच्या शाळांची आकडेवारी मात्र वेगळेच सांगत होती. बोलण्यात मुले साधारण दोन वर्षांत बरोबरीला येत. अभ्यासाच्या भाषेत बरोबरी साधायला पाच ते सात वर्षे लागत. मतिमंदत्वाचा शिक्का मात्र त्याआधीच बसलेला असे.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. मेळघाटातल्या मुलाची कोरकू भाषा मुंडा कुळातली, गडचिरोलीतल्या मुलाची माडिया द्रविड कुळातली. मराठीशी दोहोंचे नाते नाही. बाजारात, बसमध्ये ही मुले मराठी बोलतात. पण 'प्रत्येकी', 'अनुक्रमे', 'याउलट' हे शब्द बाजारात कानावर पडत नाहीत, आणि गणिताचे उदाहरण नेमके तिथेच अडते. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचण्याचे उद्दिष्ट आहे. ते आवश्यकच आहे. मात्र गोष्ट वाचता येणे वेगळे, आणि कारण-परिणाम सांगणारा विज्ञानाचा परिच्छेद समजणे वेगळे. ही दुसरी क्षमता स्वतंत्रपणे तपासली नाही, तर गणिताचा पेपर नकळत मराठीचा पेपर होतो.

यावर कॅरोल एडेल्स्की यांच्यासारख्या अभ्यासकांचा आक्षेप गंभीर आहे. अशी चाचणी शाळेच्या परीक्षा देण्याचे कसबच मोजते आणि गरीब मुलांवर उणेपणाचा नवा शिक्का मारते, असे ते म्हणतात. चाचणी फक्त शाळेच्या भाषेत घेतली, तर तसे होईलच. म्हणून ती घरच्या भाषेतही घ्यावी. जे मूल कोरकूत कारण नीट सांगते आणि मराठीत अडखळते, त्याची समज शाबूत आहे. कमी पडते आहे ते अध्यापन. शिक्षकांवर कामाचा बोजा आधीच आहे, हेही खरे. तरीही ती सबब पुरेशी नाही. समान पुस्तके आणि समान शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, हा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली 'लाऊ विरुद्ध निकल्स' खटल्यात फेटाळला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी वंशाच्या मुलांना वर्गातले इंग्रजीच कळत नव्हते.

तेव्हा शिक्षण खात्याला आणि पालकांना माझी विनंती आहे: कोणत्याही मुलाला 'कच्चे' ठरवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही भाषा तपासा, आणि त्या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात लिहू नका, कोणाला किती वर्षे मदत लागेल, एवढेच त्यावरून ठरवा.