आदिस अबाबा येथे राहावयास जाणाऱ्यांसाठी



इथिओपियाच्या राजधानीत पाऊल ठेवणाऱ्याने प्रथम घड्याळाची उठाठेव समजून घ्यावी. तेथील नित्य व्यवहारात तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, नऊ म्हणजे तीन. "उद्या तीन वाजता या" असे घरमालकाने सांगितले आणि नवखा मनुष्य दुपारी तीनला पोहोचला, तर तो सहा तास उशिरा आलेला असतो. घर दुसऱ्यास दिले गेलेले असते. वेळ ठरविताना 'कोणत्या घड्याळाप्रमाणे?' असे विचारण्यात संकोच मानू नये. विमानांच्या वेळा मात्र आंतरराष्ट्रीय रीतीच्याच असतात. पंचांगही निराळे आहे. तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच-सहा दिवसांचा तेरावा. वर्षारंभ बहुधा ११ सप्टेंबरला. सनाचा आकडा ग्रेगरियन सनाहून सात-आठ वर्षांनी मागे असतो. भाडेकरारावरील तारीख वाचताना हे ध्यानात असावे. प्रहर आणि घटका मोजणाऱ्यांच्या वंशजांना यात फारसे नवल वाटू नये.

आफ्रिका म्हणजे उष्मा, ही समजूतही येथे टिकत नाही. सम्राट दुसरा मेनेलिक व राणी तैतू यांनी १८८६ मध्ये वसविलेले हे नगर सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. पहिले काही दिवस चढावर धाप लागते. रात्री लोकरी वस्त्र लागते.

तेथे आडनाव नसते. स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव येते. म्हणून पुरुषास 'आतो' व विवाहितेस 'वैझरो' म्हणून पहिल्याच नावाने संबोधावे. दुसऱ्या नावाने हाक मारणे म्हणजे त्याच्या वडिलांना हाक मारणे होय.

जेवण एका ताटात, उजव्या हाताने होते. तेफ या धान्याच्या आंबविलेल्या पिठाची इंजेरा आंबोळीची आठवण करून देते. यजमान स्वहस्ते घास भरवितो. त्यास 'गुर्शा' म्हणतात आणि तो नाकारणे म्हणजे स्नेह नाकारणे. शाकाहारी मनुष्याने बुधवारी व शुक्रवारी निश्चिंत असावे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात आणि डाळी-भाज्यांचे पदार्थ सर्वत्र मिळतात. कॉफीचे तीन पेले होतात. पहिल्यानंतर उठू नये.

शेवटी एक गोष्ट. १९३६ ते १९४१ हे नगर इटलीच्या ताब्यात होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये येथे हजारो नागरिकांची कत्तल झाली. तिचे स्मारक सिदिस्त किलो येथे उभे आहे. नवागताने घर शोधण्यापूर्वी तेथे एकदा जाऊन यावे.