गेटवरची गर्दी

हर्सूलकडून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरात शिरताना दिल्ली दरवाजा लागतो. तिथून बेगमपुऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आपलं विद्यापीठ आहे. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याआधी इथल्या मुलांची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेली होती. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात जातंय, अशा कुटुंबांसाठी हैदराबाद किती लांब होतं, हे वेगळं सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शहरातल्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभारलं, तेही इथल्या मुलांना जवळच शिकता यावं याच ओढीतून.

विद्यापीठाचा वर्धापनदिन ऑगस्टमध्ये असतो. पण खरी जत्रा भरते ती 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला आणि त्याच्या विरोधात मराठवाडा पेटला. घरं जळली, माणसं मेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव प्रत्यक्षात लागलं ते 14 जानेवारी 1994 रोजी. मधली सोळा वर्षं लोक मोर्चे काढत राहिले, तुरुंगात गेले.

म्हणून 14 जानेवारीला गावोगावचे लोक विद्यापीठाच्या गेटवर येतात. त्यात म्हाताऱ्या आज्या असतात, कडेवर लेकरं घेतलेल्या आया असतात. अनेकांनी विद्यापीठाचा वर्ग कधी आतून पाहिलेला नसतो. गेटसमोर ते हात जोडतात, पुस्तकांच्या स्टॉलवर थांबतात, आणि नातवाला वरचं नाव मोठ्यानं वाचायला सांगतात.