तळ्याकाठची गोगलगाय, म्हशीचे यकृत
पावसाळ्यानंतर म्हैस खंगते, दूध आटते, जबड्याखाली मऊ सूज लोंबते. दरवेळी चाऱ्यालाच दोष देऊ नका. यकृतात पानासारखे चपटे पर्णकृमी असू शकतात. त्यांची अंडी शेणातून पाण्यात जातात. अंड्यातून निघालेल्या अळीला काही तासांतच लिम्निया जातीची गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर ती मरते. गोगलगायीच्या अंगात मात्र एकीच्या शेकडो होतात! मग त्या बाहेर पडून काठच्या गवतावर कोष करून बसतात आणि चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात शिरतात. म्हणून डबक्याकाठी चराई टाळा. शेण तपासून घ्या. जंताचे प्रत्येक औषध या कृमींवर चालत नाही, तेव्हा पशुवैद्यकांना विचारूनच द्या.