गॅसला ठिणगी, चुलीला धग

पावसच्या बाजारात माझं शेगड्या आणि स्टो दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तिथे पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणि पंपाचे स्टो यायचे, आता गॅसच्या शेगड्या येतात. पावसाळा लागला की मात्र शेगडीपेक्षा लायटरच जास्त येतात. गिऱ्हाईक लायटर टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "हा मेला. नवीन द्या." मी तो हातात घेतो, कोरड्या फडक्याने पुसतो, पंख्याखाली जरा धरतो, दोनदा खटखट करतो आणि परत देतो. बहुतेक वेळा तो मेलेला नसतो, ओला असतो. माझी एक विक्री त्यात बुडते, ते असो.

कशाने पेटवायचं हे काय पेटवायचंय त्यावर ठरतं, आज तेवढंच सांगायला आलोय. गॅसला ठिणगी पुरते. लाकूड, सोडण, वात, उदबत्ती यांना आधी धग द्यावी लागते. दोन्हींना एकच हिशोब लावला की काड्या फुकट जातात आणि कधीकधी भुवयाही.

आधी स्वयंपाकघरातला लायटर घेऊ. याच्यात सेल नसतो आणि गॅसही नसतो, तरी "हा भरून मिळेल का?" असं विचारणारे महिन्यातून दोघे-तिघे येतातच. आत एक छोटासा स्फटिकासारखा खडा असतो आणि स्प्रिंगवर बसवलेली हातोडी. अंगठ्याने दाबलं की स्प्रिंग दाबली जाते, मग सुटते आणि हातोडी खड्यावर बसते. तो जो 'खट्ट' आवाज येतो, तो त्या घावाचा. अशा खड्यावर दाब पडला की वीज तयार होते, हे १८८० साली पिएर आणि झाक क्युरी या दोघा भावांनी दाखवून दिलं. हे पिएर म्हणजे मेरी क्युरींचे यजमान. विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण क्षणभराचा आणि अगदी बारीक प्रवाहाचा, म्हणून चुकून बोट लागलं तर नुसती चुणचुण होते.

आता लायटरची नळी उजेडाकडे धरून तोंडातून आत बघा. मधोमध एक तार दिसेल आणि तिच्याभोवती चिनीमातीसारखा पांढरा भाग. ठिणगी त्या तारेवरून नळीच्या कडेला उडी मारते. फोडणीची वाफ, तेलाचा थर, पावसातला दमटपणा त्या पांढऱ्या भागावर बसला की वीज उडी मारायचं सोडून त्या थरावरून गुपचूप पसार होते. खट्ट वाजतं, ठिणगी पडत नाही. अशा वेळी काडीला कोरडा कापूस गुंडाळून आतून पुसा आणि लायटर उन्हात ठेवा. जुलैत ऊन कुठलं? मग रात्रभर फ्रीजच्या उबदार बाजूला ठेवला तरी चालतं. पाण्याखाली धुवू मात्र नका. आणि तो शेगडीच्या वर खिळ्याला टांगायची जी सवय आहे ना, तीच त्याच्या मुळावर येते. शेगडीपासून दोन हात लांब, वाफ पोचणार नाही असा ठेवा.

विकत घेताना रंग आणि कंपनी बघत बसू नका. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा आणि सलग दहा वेळा दाबा. दहाही वेळा निळसर पांढरी ठिणगी दिसली पाहिजे. एखादी जरी चुकली तर दुसरा मागा. दाबताना अंगठा दुखतो का तेही बघा, कारण घरात तो सत्तरीच्या आईला वापरायचा असतो. सांधे धरलेल्या माणसाला सेलवर चालणारा लायटर बरा, त्याला जोर लागत नाही.

लावण्याची रीत अशी. लायटरचं तोंड बर्नरच्या कडेच्या भोकांशी तिरपं धरा, मधोमध नको. मधे धरलं तर भांड्यातून उतू गेलेलं सगळं नळीत जातं. बटण पूर्ण फिरवू नका, फार जोराने आलेला गॅस ठिणगी पकडत नाही. लायटर जागेवर धरल्यावर मगच बटण फिरवायचं आणि लगेच दाबायचं. दोन-तीन खटक्यांत लागला नाही तर बटण बंद, मनात वीस मोजा, मग पुन्हा.

हे वीस मोजणं मी अनुभवाने शिकलोय. दुकानात बसायला लागलो त्याच वर्षी एका पावसाळी संध्याकाळी दुरुस्तीला आलेली शेगडी तपासत होतो. बटण उघडलं आणि मग काडेपेटी शोधली. पहिली काडी ओली निघाली, दुसरीचा गुल उडाला, तिसरी लागली. तोवर गॅस शेगडीभोवती जमलेला होता. भप्पकन ज्योत उठली आणि माझ्या भुवया आणि पुढचे केस गेले. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेगडीच्या वर खडूने लिहिलं, 'आधी काडी, मग चावी'. त्या जागी आता नवा रंग आहे, तरी शब्द कुठे होते ते मला दिसतं.

काडेपेटीचंही जरा ऐका. काडी ओली झाली असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ओली होते ती पेटीची पट्टी. पेट घेणारा लाल फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो, पेटीच्या पट्टीवर असतो. ही सोय स्वीडनच्या गुस्ताफ पाश यांनी १८४४ साली काढली, खिशातल्या खिशात काडी पेटू नये म्हणून. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या दमट हवेत पट्टीचा गोंद मऊ होतो आणि काडी ओढली की पट्टीच सोलून गुलाला चिकटते. मग माणूस एकाच जागी आणखी जोराने घासतो. पट्टीची न वापरलेली कोरडी कड बघा, काडी गुलाच्या जवळ धरा आणि एकदाच, तिरपी, अंगापासून दूर ओढा. पेटली की गुल जरासा खाली करा, म्हणजे ज्योत लाकडावर चढते. पेटी झाकणाच्या डब्यात ठेवा. डिसेंबर २०२१ पासून ती एक रुपयाची दोन रुपयांची झाली, तरी घरातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच.

खिशातल्या प्लॅस्टिकच्या लायटरबद्दल माझं मत चांगलं नाही. वीस रुपयांखालच्या लायटरची आयात सरकारने जून २०२३ मध्ये बंद केली, त्यात शिवकाशीच्या काडेपेटीवाल्यांचं हित होतं. माझी तक्रार वेगळी आहे. लोक त्याने समई लावतात. समई लावताना लायटर खाली वाकवावा लागतो, ज्योत तर वरच चढणार, म्हणजे अंगठ्याकडे. शिवाय आत द्रवरूप ब्युटेन दाबाखाली भरलेला असतो. तो गाडीत काचेखाली उन्हात किंवा शेगडीच्या ओट्यावर ठेवणं म्हणजे छोटा सिलिंडर तापवणंच. देवघरासाठी लांब मानेचा लायटर घ्या, नाहीतर आमची आजी करायची तसं करा. ती काडीने निरांजन लावायची आणि निरांजनाने समई.

आता धगीचा विषय. तो मी शिकलो आमच्या मोठ्या काकांकडून, आणि तेही सिगारवरून. काका बोटीवर होते. रजेवर आले की संध्याकाळी खळ्यात खुर्ची टाकून एक सिगार ओढायचे. आकाशवाणीवरून मी कोणाला तंबाखू ओढायला सांगत नाही आणि त्या सिगारने काकांचं काही भलं केलं नाही. पण त्यांची पेटवायची रीत बघण्यासारखी होती.

त्यांच्याकडे वाऱ्याची झिप्पो होती, ज्योतीभोवती भोकांची चिमणी असलेली. सिगारेटला ती चालायची, सिगारला नाही. का, तर आतल्या इंधनाचा वास पानात उतरतो. म्हणून सिगारला लांब काडी. काडी ओढली की गुल पूर्ण जळून जाईपर्यंत थांबायचे, त्याचाही वास नको. मग सिगार तोंडात न धरता ज्योतीच्या वर तिरपी धरायचे, ज्योत तिला लागणार नाही एवढं अंतर ठेवून, आणि बोटांमध्ये हळूहळू फिरवायचे. कडेचं पान करडं, मग काळपट होत यायचं. एक काडी संपली की दुसरी. मग तोंडात धरून, फिरवत, दोन-चार सावकाश झुरके. शेवटी टोकावर हलकी फुंकर मारून बघायचे, निखारा सगळीकडे सारखा आहे का. मी एकदा विचारलं, "काका, सरळ ज्योतीत का नाही धरत?" म्हणाले, "अरे, ज्योतीत धरली की एका अंगाने करपते आणि मग शेवटपर्यंत तशीच वाकडी जळते. आधी धग दे, मग ती आपसूक घेते."

ज्यांना ओढायचीच असेल त्यांना लायटर घ्यायचा तर वास नसलेला, ब्युटेनवर चालणारा घ्यावा, एवढं त्यावरून कळतं. हल्ली मुंबईचे पाहुणे फुरफुर आवाज करणारे टॉर्च लायटर घेऊन येतात. आमच्या रनपार-गणेशगुळ्याच्या वाऱ्यात ते विझत नाहीत हे खरं, पण त्यांची ज्योत फार तापट, जरा जवळ नेली की पान जळून कडू होतं.

काकांची ही रीत उदबत्तीला लावून बघा. टोक ज्योतीच्या आत खुपसू नका, वर धरून फिरवा, मग विझवा. ती मधेच विझायची नाही. माझ्या पेट्रोमॅक्सच्याही मुळाशी हेच होतं. शिमग्यात नमनाला बत्ती लागायची तेव्हा नवशिका पोरगा आधी पंप मारायचा. कच्चं रॉकेल भडकायचं, बत्ती काळी व्हायची, मेंटल फाटायचं. जाणता माणूस वाटीत स्पिरिट पेटवून नळी तापू द्यायचा, स्पिरिट संपत आलं की मगच पंप. रॉकेल तापून वाफ झालं की बत्ती पांढरीशुभ्र. गंमत म्हणजे हे जाळीचं मेंटल १८८५ साली काढणारे कार्ल आउअर आणि चाकाच्या लायटरमधला ठिणगीचा खडा १९०३ साली काढणारे हे एकच गृहस्थ.

न्हाणीतली चूल किंवा बंब पावसात पेटत नाही तेव्हा लायटर बदलू नका. उद्याची लाकडं आज रात्री वैलाजवळ लावून ठेवा, निव्वळ उबेने ती निम्मी सुकतात. सकाळी खाली चुडताची सुकी पातं, त्यावर सोडणाचे पिंजलेले धागे, मग करवंटीचे तुकडे, आणि शेवटी लाकूड, तेही दोन बोटांची फट ठेवून. करवंटी दमाने आणि जोराने जळते. काडी खालून आणि वाऱ्याच्या बाजूने लावा. पेट घेतल्याशिवाय फुंकणीला हात लावू नका, फुंकरीने धग उडून जाते. आणि रॉकेल-पेट्रोल ओतायचं तर नावच काढू नका. विझलेली दिसणारी चूल आत जागी असते.

बागेतला पातेरा शक्यतो कलमांच्या बुंध्याशीच कुजू द्या. भाजावळ करणारच असाल तर सकाळी लवकर, खारा वारा सुटायच्या आत. भोवताली आधी साफ पट्टा काढा. वारा सुटलाच तर समुद्राकडून येणार, म्हणून काडी पूर्वेच्या कडेला लावा. आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू सरकते, माणसाच्या ताब्यात राहते. पश्चिमेने लावली तर ती शेजाऱ्याच्या काजूत पोचल्यावरच थांबते.

शेवटी, कधी पेटवायचं नाही ते. घरात शिरताना गॅसचा वास आला तर लायटर, काडी, दिव्याचं बटण, पंखा, काहीच चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. बटणातही ठिणगी पडते. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि उंबऱ्याशी साठतो. म्हणून खिडकीबरोबर दारंही उघडा, रेग्युलेटर बंद करा, मुलाबाळांना बाहेर काढा. गॅसगळतीचा तातडीचा नंबर आहे १९०६. तो शेगडीच्या वरच्या भिंतीवर लिहू नका, घराबाहेर पडवीत लिहा, कारण फोन तिथूनच करायचा आहे.